हाइड्सव्हिलच्या मुली

न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या छोट्या वस्तीत १८४७च्या डिसेंबरात जॉन फॉक्स नावाच्या लोहाराने बिऱ्हाड केलं. घर साधंच, लाकडी. वसंत लागता लागता तिथे रात्री-अपरात्री ठकठक ऐकू येऊ लागली. ३१ मार्च १८४८च्या रात्री त्याच्या धाकट्या मुलीने, केटने, चुटक्या वाजवल्या आणि न दिसणाऱ्या त्या कुणाला तरी आपली नक्कल करायला सांगितलं. जितक्या चुटक्या, तितके ठोके! केट तेव्हा ११ वर्षांची, तिची बहीण मॅगी १४ची. शेजारीपाजारी जमले, प्रश्नांवर प्रश्न झाले आणि ठोक्यांच्या हिशेबातून निष्कर्ष निघाला, की या घरात खून होऊन तळघरात पुरलेला एक फेरीवाला बोलतो आहे.

मोठ्यांना जे कळत नाही ते भूत पोरांना कळतं, ही कल्पना आज इंग्रजी किशोरकादंबऱ्यांत चांगलीच रुळली आहे. या दोन मुलींना मात्र ती आयुष्यभर निभवावी लागली.

त्यांची थोरली बहीण लीआ रॉचेस्टरला संगीताच्या शिकवण्या करायची. यात कमाई आहे हे तिने पटकन ओळखलं. १४ नोव्हेंबर १८४९ला तिथल्या कॉरिन्थियन हॉलमध्ये तिकीट लावून पहिला जाहीर प्रयोग झाला. मंचावर लीआ होती आणि मॅगी. मग चौकशी समित्या बसल्या. एका समितीच्या वतीने बायकांनी दोघींचे कपडे उतरवून झडती घेतली. मॅगी तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची असावी. भूत खरं की खोटं या वादात तिचं काय होतंय, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही.

१८५१मध्ये बफेलोच्या तीन डॉक्टरांनी बहिणींच्या टाचा उशांवर टेकवून पाय ताठ ठेवायला लावले, तेव्हा आवाज थांबले. गुडघ्याचे सांधे वाजतात, असा त्यांनी निर्वाळा दिला. तरीही गर्दी ओसरली नाही. पुढे यादवी युद्धात सहा लाखांवर माणसं मेली आणि मेलेल्या मुलाशी, नवऱ्याशी एकदा बोलता यावं म्हणून घरोघर बैठका भरू लागल्या. त्या लोकांना भोळसट म्हणणं अन्यायाचं होईल.

२१ ऑक्टोबर १८८८ला न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये मॅगीने पायातला जोडा काढला आणि पायाच्या बोटाचा सांधा वाजवून दाखवला. आईला घाबरवण्यासाठी केलेली ती खोडी होती, तिचा धंदा लीआने केला, असं तिचं म्हणणं. पुढच्या वर्षी तिने हा कबुलीजबाब मागे घेतला. तोवर दोघी बहिणी दारूच्या आहारी गेल्या होत्या. केट १८९२मध्ये वारली, मॅगी १८९३मध्ये.

पोरांनाच भूत कळतं, ही कल्पना घेऊन जोनाथन स्ट्राउडची ‘लॉकवूड अँड कंपनी’ ही मालिका २०१३पासून येऊ लागली. तिच्यातल्या लंडनमध्ये भुतांची जाणीव फक्त लहान मुलांना होते; भुतांचा बंदोबस्त करणाऱ्या कंपन्या चालवतात मोठी माणसं आणि जीव धोक्यात घालतात पोरं. नायिका ल्युसीला भुतांचे आवाज स्पष्ट ऐकू येतात, पण तिचा वरिष्ठ तिच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो आणि तिचे सोबती मरतात. ती गाव सोडून ज्या कंपनीत जाते, तिथे वरिष्ठ म्हणून कुणीही मोठा माणूस नाही. मालकही तिच्याच वयाचा मुलगा. भूतकथेतला हा फरक मोठा आहे. ल्युसीला नोकरी सोडून जाता आलं; मॅगीच्या बाबतीत धंदा सांभाळणारी तिची सख्खी बहीणच होती.