येव्ले बोकड

स्वीडनमधील येव्ले शहरात नाताळानिमित्त उभारला जाणारा, लाकडी सांगाड्यावर पेंढा बांधून केलेला महाकाय बोकड. उंची सुमारे १३ मीटर, वजन तीन टनांहून अधिक. नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या (ॲडव्हेंट) पहिल्या रविवारी चौकात त्याचे थाटात अनावरण होते. स्कँडिनेव्हियात पेंढ्याचा छोटा बोकड ही नाताळची जुनी सजावट. सांता क्लॉजचे प्रस्थ वाढण्याआधी भेटवस्तू वाटण्याचे कामही बोकडाकडेच होते.

पहिला मोठा बोकड १९६६ साली उभा राहिला आणि वर्षाच्या अखेरच्या रात्रीच कुणीतरी तो पेटवून दिला. तेव्हापासून जाळपोळ जणू पाचवीलाच पुजलेली. पहारेकरी, कुंपण, कॅमेरे, अग्निरोधक द्रव्य असे सारे उपाय झाले, तरी निम्म्याहून अधिक बोकड नववर्ष पाहू शकले नाहीत. १९७६ मध्ये एकाने बोकडावर चक्क मोटार घातली. २००५ साली सांता आणि जिंजरब्रेडच्या बाहुल्याच्या वेशातील दोघांनी पेटते बाण सोडल्याचे सांगतात. २००१ च्या जाळपोळीतला आरोपी अमेरिकन पर्यटक होता. बोकड जाळणे ही इथली कायदेशीर प्रथाच आहे, अशी त्याची समजूत होती म्हणे! त्याला तुरुंगाची हवा खावी लागली.

२०२३ मध्ये आग नव्हे, पक्षी आडवे आले. पेंढ्यात दाणे राहून गेले होते. कावळ्यांच्या जातकुळीतील जॅकडॉ पक्ष्यांनी ते टिपता टिपता बोकडाची लक्तरे केली.