मानसिक विकारांविषयीचे समज, खानदेशातील

मानसिक विकार हा आजार नसून दैवी कोप, भूतबाधा, करणी किंवा कुळाचा दोष होय, अशा समजुती आणि त्यांमुळे रुग्णास व त्याच्या कुटुंबास लागणारा कलंक. या समजुती साऱ्या महाराष्ट्रात आढळतात. खानदेशात (जळगाव, धुळे व १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा) तापीकाठची अहिराणी भाषक शेतकरी गावे आणि सातपुड्यातील भिल्ल, पावरा वस्त्या यांत त्यांना निरनिराळी रूपे लाभली.

भास होणे, असंबद्ध बडबडणे, झोप उडणे ही लक्षणे दिसताच रोग्याला ‘बाहेरचे लागले’ असे मानून भगताकडे नेण्याची रीत होती. उतारा, अंगारा, गंडा यांनी गुण न आल्यास मारहाण, मिरच्यांची धुरी, साखळदंड असे अघोरी उपाय होत. सातपुड्यात आजाराचे खापर डाकिणीवर फुटे. भगत एखाद्या स्त्रीचे, पुष्कळदा विधवेचे, नाव घेई. तिला मारहाण होई, गावाबाहेर काढले जाई, प्रसंगी तिची हत्याही होई. अशा रीतीने एका आजाराचे दोन बळी होत : उपचाराला मुकलेला रोगी आणि ही निरपराध स्त्री.

‘लग्न केले की वेड जाते’ हा समजही घातक ठरला. विवाहाने तीव्र मनोविकार बरा होत नाही. उलट ताणामुळे तो बळावू शकतो. अपस्मार (फेफरे) हा मेंदूचा विकार असूनही वेडातच गणला गेला. झटका आलेल्यास कांदा वा चप्पल हुंगविण्याचा काहीही उपयोग नसतो. हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींत १९७६ च्या दुरुस्तीने आलेला अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्ये वगळण्यात आला.

रोग लपविण्यामागे केवळ अज्ञान नव्हते. वेड्यांविषयीच्या १९१२ च्या कायद्यानुसार रुग्णालयात दाखल करण्यासाठी बहुधा दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे व भटकणाऱ्या रोग्यास पोलीस ताब्यात घेत; त्यामुळे उपचार आणि कोठडी यांत लोकांना फरक दिसेना. शासकीय मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे. खानदेशात एकही नव्हते. ‘ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला पाठवा’ हे बोलच शिवीसारखे झाले. देवस्थानी वा दर्ग्यात मात्र कुटुंबाला रोग्यासोबत राहता येई. महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराच्या अभ्यासात (१९८७) मानवशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांना असे आढळले, की रोग्याची पीडा आपल्यावर घेण्यासाठी घरातील स्त्रियांच्याच अंगात येई.

१९१२ च्या कायद्याची जागा १९८७ च्या कायद्याने घेतली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा गुन्हा ठरविला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली व उपचार हा हक्क मानला. धुळे व जळगाव (२०१८) येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाल्याने उपचार जिल्ह्यातच आले. तथापि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात—त्यात शेजारची गुजरात व मध्य प्रदेश ही राज्ये होती—निरनिराळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे दिसून आले. कलंकाची भीती हे त्याचे एक प्रमुख कारण होय.