कळसाआधी कडा

प्राचीन शूर्पारकाच्या या भूमीस पश्चिमेला सागर, तर पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगररांगा लाभल्या आहेत. विरारची जीवदानी माताही डोंगरावरच विराजमान आहे. डोंगर म्हणजे अचल, अशी लोकांची पूर्वापार समजूत. परंतु १३ जुलै २०२२ रोजी पावसात वसई पूर्वेच्या वाघरळपाड्यात घरावर दरड कोसळून दोन जीव गेले. त्यापूर्वी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले जाऊन दीडशेहून अधिक माणसे दगावली.

आपल्याकडील काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा आहे. काही थरांमध्ये मऊ तांबडी माती असते आणि कातळाला भेगा असतात. भेगांत साचलेले पाणी कातळाला आतून रेटते, मऊ थर निसरडा होतो. त्यात पायथा खणला, की आधारच जातो. भूवैज्ञानिक भेगांची दिशा व उतार मोजून कातळाला धरणारे बळ आणि खाली ओढणारे बळ ताडून पाहतात.

ग्रामस्थांनाही काही खुणा ओळखता येतात: माथ्यावर नवी भेग, कललेली झाडे, अचानक गढूळलेला झरा, गडगडणारे दगड. अशा वेळी घरे तत्काळ रिकामी करावीत. एरवी माथ्यावर चर खणून पाणी वळवावे, आधारभिंतीस पाणी निघण्यासाठी भोके ठेवावीत, सुटे दगड जाणकारांकडून उतरवावेत.

डोंगरालगतच्या देवळाचा जीर्णोद्धार करताना कळसाआधी कडा पाहावा. दात्यांचा पैसा चरासाठी लागला, तरी तो देवाचरणीच रुजू झाला असे समजावे.