जार, कँडल आणि बादली

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावीही आता पिण्याच्या पाण्याचा जार विकत मिळतो. जार घ्यावा की घरी फिल्टर बसवावा? उत्तरासाठी आपण थोडे मागे जाऊ.

पाश्चर यांचे सहकारी शांबरलाँ यांनी १८८४ मध्ये भाजलेल्या चिनीमातीची सच्छिद्र नळी तयार केली. पाणी झिरपून येई, जिवाणू अडकत. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधली ‘कँडल’ याच कुळातली. पण १८९२ मध्ये इवानोव्स्की यांना दिसले, की तंबाखूच्या रोगट पानांचा रस अशा नळीतून गाळला तरी रोग पसरवतोच. विषाणूंच्या शोधाची ही सुरुवात.

विषाणूच जिथे निसटतो, तिथे विरघळलेल्या फ्लोराइडची काय कथा! आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात नेमके तेच आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर दातांवर डाग पडतात. प्रमाण फारच असेल तर हाडे ताठरतात. उकळून ते जात नाही. पाणी आटते, प्रमाण उलट वाढते.

यावर नागपूरच्या ‘नीरी’ने १९७० च्या दशकात नालगोंडा पद्धत काढली. बादलीत चुना व तुरटी घालून दहा मिनिटे हळूहळू ढवळायचे, तासभर गाळ बसू द्यायचा, वरचे पाणी काढून घ्यायचे. तुरटीची मात्रा मात्र पाणी तपासूनच ठरते. अंदाजपंचे इथे चालत नाही. आरओ फिल्टरही फ्लोराइड काढतो. सुट्या जारमधून काय काढले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असे नाही. म्हणून शाळेच्या बोअरचे पाणी आधी प्रयोगशाळेत पाठवा, असे आम्ही शिक्षकांना सांगतो. कँडल, बादली की आरओ, ते मग.