बेंजोच्या पोटातला टाइपरायटर

औरंगाबादच्या गुलमंडीवर एका मित्राच्या दुकानात जुना बेंजो उघडून बसलो होतो. वरचा पत्रा काढला, तर आत ओळीनं लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीच्या टोकाला गोल बटण आणि खाली बारीक स्प्रिंग. बटण दाबलं की पट्टी तारेवर बसते, सोडलं की टुणकन वर. तेवढ्यात कोर्टासमोर टायपिंग करण्यात हयात घालवलेले एक काका दुकानात आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अहो, हे तर आमचंच मशीन!"

काका सहज बोलून गेले, पण ते शब्दशः खरं होतं. 1912 साली जपानातल्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकानं दोन तारांच्या जुन्या जपानी वाद्याला टाइपरायटरच्या धर्तीवर बटणं बसवली. त्याच वर्षी तिथं ताइशो सम्राटाचा काळ सुरू झाला, म्हणून नाव पडलं ‘ताइशोगोतो’, म्हणजे ताइशो काळातलं कोतो (जपानी तंतुवाद्य). हाच आपला बेंजो. सुराची जागा बटणावरच लिहिलेली. वर्षानुवर्षं गुरूपुढं बसायची ज्याची ऐपत नाही, तोही महिन्याभरात चाल काढू लागतो. आपल्या वस्त्यावस्त्यांत बेंजो रुजला तो यामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

तो इकडे आला मालाच्या वाटेनं. 1893 साली जमशेटजी टाटांच्या साथीनं निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीची मुंबईची बोट सुरू झाली. जाताना कापूस, येताना जपानी माल. 1930च्या दशकात ताइशोगोतो हिंदुस्थानात पोचलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. मनमाडहून औरंगाबादमार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वे तर 1900 सालीच झाली होती. आमच्याकडचा पहिला बेंजो त्याच गाडीतून उतरला असणार.

इथं त्याचं बारसं दोनदा झालं. एक नाव ‘बुलबुल तरंग’: अर्धं फारसी, अर्धं संस्कृत, जलतरंगाच्या चालीवर. जिच्या नावातच फुलांचा बाजार आहे त्या गुलमंडीत बुलबुल शोभलाही असता. पण मिरवणुकीची सुपारी दिली जाते ती बेंजोची. आता अमेरिकेतला बँजो बघा. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तिथं घडवलेला, गोल, चामड्यानं मढवलेला. आपला बेंजो म्हणजे लांबट लाकडी पेटी. तारा सोडल्या तर दोघांचं काही जुळत नाही. मग हे नाव आलं कुठून?

सोपं उत्तर असं, की मुंबईच्या नाचगाण्याच्या बँडमधला खरा बँजो लोकांनी पाहिला आणि तेच नाव याला चिकटवलं. मला ते पटत नाही. मराठी जीभ बँक, बँड, हँडल अगदी सहज म्हणते. शब्द थेट इंग्रजीतून आला असता तर सगळे ‘बँजो’च म्हणाले असते. काही जण लिहितात तसं, पण मिरवणुकीत कान देऊन ऐका, पोरं ‘बेंजो’च म्हणतात. हा ‘ए’ उर्दूच्या वळणाचा, आमच्या दखनीच्या कानाला ओळखीचा.

शिवाय कराचीकडे बघा. तिथल्या बलोच वादकांनी हेच जपानी वाद्य घेतलं, लांबीला वाढवलं, आणि त्याला म्हणतात ‘बेंजू’. 1 एप्रिल 1936 रोजी सिंध वेगळा होईपर्यंत मुंबई आणि कराची एकाच इलाख्यात होत्या. दोन बंदरं, वाद्य एकच, आणि नाव जवळजवळ एकच. या वाद्याला ‘जपान बँजो’ही म्हणत. माझं ठाम मत आहे, हे व्यापाऱ्यानं ठेवलेलं नाव. दुकानातून वादकाच्या मांडीवर येईपर्यंत त्यातला जपान गळून पडला.

वादकाच्या मांडीवरून हे वाद्य रस्त्यावर कसं आलं, ते ‘पार्टी’ या शब्दात दडलंय. ढोलाचं पथक, भजनाचं मंडळ, तमाशाचा फड. बेंजोची मात्र पार्टी. कव्वालांचीही पार्टीच. कव्वालीत हे वाद्य पुष्कळदा पेटीच्या जोडीला असतं. खुलताबादचा उरूस म्हणा, भीमजयंतीच्या रात्रीचे कव्वालीचे सामने म्हणा, मराठवाड्याच्या कानात हा आवाज तिथून बसला. तमाशालाही लोक पार्टी म्हणतात, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो ‘ए’ आणि ही ‘पार्टी’ जोडीनं येतात ती वाट कव्वालीचीच. कव्वालाच्या मागं बसणारा बेंजोवाला उठून मिरवणुकीत आला आणि दोन्ही शब्द बरोबर घेऊन आला.

रस्त्यावर त्याला पिकअप लागला, ॲम्प्लिफायर लागला, वर कर्णा चढला. कर्ण्यातून तार फाटून बाहेर पडते, आणि अंगात येतं ते त्या फाटण्यानंच. 1961 साली गाजलेल्या ‘डोन्ट वरी’ या अमेरिकन गाण्यात बिघडलेल्या यंत्रामुळं गिटारचा आवाज असाच फाटला होता. तो इतका आवडला की 1962 मध्ये तसा आवाज मुद्दाम काढून देणारं ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पायानं दाबायचं पेडल बाजारात आलं. आमच्याकडं ते काम कर्ण्यानंच केलं. आता मात्र बेंजोवाल्याच्या पायाशीही गिटारचं पेडल दिसू लागलंय.

त्या दिवशी उघडलेल्या बेंजोची एक स्प्रिंग तुटलेली होती. दुसऱ्या दिवशी काका आपल्या बंद पडलेल्या टाइपरायटरची स्प्रिंग कागदात बांधून घेऊन आले. थोडी कापावी लागली. पंचमाचं बटण आता नीट वर येतं.