फ्रॉइड यांच्या टेबलावरचा विष्णू

व्हिएन्नातल्या १९, बर्गगासे या घरी मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या लिहिण्याच्या टेबलावर ग्रीक, रोमन, इजिप्शियन मूर्तींची दाटी असे. १९३१ साली त्यांच्या पंच्याहत्तरीला त्या दाटीत एक हस्तिदंती विष्णू येऊन बसला. शेषाच्या वेटोळ्यावर बसलेला, डोक्यावर फणांचं छत्र. ही भेट कलकत्त्याच्या मनोविश्लेषण संस्थेने पाठवली होती.

ही संस्था १९२२ सालची. तिचे संस्थापक गिरींद्रशेखर बोस पेशाने डॉक्टर. त्यांना लहानपणापासून जादू आणि संमोहनाचा नाद. दमनाच्या, म्हणजे नकोशा इच्छा मनात खोल दडपण्याच्या, संकल्पनेवरचा त्यांचा प्रबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. त्याची प्रत त्यांनी फ्रॉइडना धाडली आणि पत्रव्यवहार सुरू झाला. पाठोपाठ त्यांनी फ्रॉइड यांचं एक चित्रही पाठवलं. चित्रकाराने फ्रॉइड यांचा फोटोही पाहिलेला नव्हता, सारं कल्पनेनेच रेखाटलेलं. फ्रॉइडना त्यात चक्क इंग्रज साहेब दिसला!

बोस मात्र कल्पनेतल्या गुरूपुढे हात जोडून बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांचं स्वतःचं विश्लेषण कुणी केलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच केलं. प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची उलट इच्छा दडलेली असते, असं त्यांचं म्हणणं. मारावंसं वाटणाऱ्याच्या मनात मार खाण्याचीही ओढ असते. १९२९ साली त्यांनी आपले लेख व्हिएन्नाला पाठवले. इडिपस गंडावरच्या, म्हणजे मुलाला आईची ओढ आणि वडिलांशी चढाओढ वाटण्यावरच्या, लेखाकडे मुद्दाम लक्ष वेधलं आणि कळवलं, की युरोपीय रुग्णांत दिसणारी लिंगच्छेदाची भीती आपल्या भारतीय रुग्णांत तितकी ठळक नाही. स्त्री होण्याची इच्छा पुरुषांच्या मनातून इथे सहज वर येते.

हे धाडसाचं होतं. समोर शास्त्राचा जनक, आणि पुरावा कलकत्त्याच्या दवाखान्यातला. फ्रॉइडना ते पटलं नाही. विरुद्ध इच्छांच्या या सिद्धांतात मनाच्या गतीपेक्षा आकृतीवरच भर आहे, असं त्यांनी कळवलं. तरी अशा इच्छांकडे आपलं दुर्लक्ष झालं, हे पुढे त्यांनी मान्य केलं. या कबुलीचं मोल हस्तिदंताहून अधिक आहे.

बोस यांनी १९४० साली कलकत्त्यात लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभं केलं. त्यासाठी मदतीला धावले त्यांचे बंधू, ‘परशुराम’ या नावाने विनोदी कथा लिहिणारे राजशेखर बोस. १९४७ साली संस्थेचं ‘समीक्षा’ हे नियतकालिक निघालं. १९५३ साली बोस गेले. पत्रं बरीच झाली, पण फ्रॉइड आणि बोस यांची भेट कधीच झाली नाही.

१९३८ साली नाझींच्या तावडीतून सुटून फ्रॉइड लंडनला आले, तेव्हा मूर्तींचा संग्रहही मागोमाग आला. तो विष्णू आता लंडनमधल्या त्यांच्या घराच्या संग्रहालयात आहे.