समुद्रातल्या विषाची नोंद

पावसच्या मोहल्ल्यात आमचे नाना उजवा पाय जरा जपूनच टाकायचे. तरुणपणी ते हजच्या बोटीवर खलाशी होते. जिद्द्याला ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरले, दगडावर पाय ठेवला आणि तो दगड मासा निघाला. जबर कळ आली. मोठमोठे खलाशी बिथरले, असं ते सांगायचे.

तांबड्या समुद्रापासून लक्षद्वीप, अंदमान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवाळाच्या तळाशी हा दगडमासा निपचित पडून असतो. अंगभर पुटकुळ्या, त्यावर शेवाळ. पाठीवर साधारण 13 काटे, प्रत्येकाला विषाच्या दोन पिशव्या. तो अंगावर येत नाही. वरून पाय पडला की दाबासरशी विष आत जातं. युरोपच्या शास्त्रात त्याची तांबड्या समुद्रातली जात 1801 साली आली, बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरच्या ग्रंथात. अनवाणी कोळ्यांना ती त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणार, पण त्यांचं कोण लिहून घेणार?

आपल्या जिल्ह्याचंच बघा. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीत फुरशांनी इतकी माणसं मारली की सरकारने मेलेल्या फुरशावर रोख बक्षीस लावलं. पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्याच्या रक्तापासून सर्पदंशाची लस तयार होऊ लागली. आज ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते. विंचवासाठी महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर उभे राहिले. रानातल्या विषाला असे वाली भेटले. दगडमाशावरची लस, तीही घोड्याच्याच रक्ताची, 1959 साली निघाली ती मेलबर्नला. समुद्रात पाय टाकणारे दालदी, खारवी, कोळी शिंगाळा आणि पाकटाचे काटे खात राहिले. त्यांची मोजदाद कुठल्या दफ्तरात फारशी दिसत नाही.

नानांचा पाय बोटीवरच्या एका म्हाताऱ्या सारंगाने गरम पाण्यात धरून ठेवला होता. घरी नानीही शिंगाळ्याच्या काट्यावर हेच करायची. आता डॉक्टरही तेच सांगतात: हे विष प्रथिनांचं, उष्णतेने मोडतं. सोसवेल इतकं, सुमारे 45 अंशांचं पाणी, तास-दीड तास. बधिर पायाला चटका कळत नाही, म्हणून आधी दुसऱ्या माणसाने हात घालून बघायचं, आणि मग दवाखाना गाठायचाच.

चीन-जपानात काटे काढून हा मासा आवडीने खातात. मी नानांना विचारलं, हा आपल्याला चालतो का? म्हणाले, "मासा आहे, हलालच. तू खा."